गरिबी, जबाबदारी आणि सरकारी मदत: कोकणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरती आटोपल्यावर ओटीवर एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, सरकार फुकट देतंय म्हणून माणसं बिघडली. दुसरा म्हणतो, गावात दिवस कसे काढतात ते येऊन बघा. ग्रामसभेत आणि कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतही हेच दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. दोन्ही बाजूंकडे थोडं खरं असतं, पण योजनेची अट, रक्कम आणि तारीख फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून वाद हवेतच राहतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गरीब नेमकं कोणाला म्हणायचं?

वादाला बसण्याआधी हे ठरवून घ्या, कारण सरकारी दप्तरात याचं एक उत्तर नाही. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी धरली. १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असा त्यांचा हिशेब होता. आज पोषण, शाळा, संडास, वीज, घर अशा अनेक बाबी एकत्र मोजण्याची पद्धतही आहे. योजनांचं गणित मात्र उत्पन्नाच्या दाखल्यावर चालतं. पिवळ्या रेशनकार्डाला वर्षाला १५,००० रुपये, निराधार अनुदानाला २१,०००, अन्नसुरक्षेच्या धान्याला ग्रामीण भागात ४४,०००, लाडक्या बहिणीला अडीच लाख. एकच घर एका टेबलावर गरीब ठरतं आणि शेजारच्या टेबलावर सधन. म्हणून समोरचा "गरीब" म्हणाला की त्याला कुठल्या टेबलावरचा गरीब म्हणायचाय, ते विचारा.

माणूस गरीब राहतो तो स्वतःच्या चुकीने की परिस्थितीने?

एका माणसाकडे बघितलं तर दोन्ही दिसतं. कोणी पैसे उडवतो, कोणी दारूपायी होडी विकतो. पण अख्खी वाडीच्या वाडी पिढ्यान्‌पिढ्या मागे राहते तेव्हा साऱ्या वाडीचा स्वभाव वाईट, असं म्हणून भागत नाही.

कोकणात याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. खोतीत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या अमलात, कूळ राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जायचा. जास्त कष्ट केले तर जास्त वाटा खोताचा, कुळाला मेहनतीचं फळच नाही. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनी कसायचं थांबवलं. तो संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळांचा जमिनीवर हक्क लागला. माणसं तीच होती आणि मेहनतही तीच. नियम बदलला तेव्हा मेहनतीचं मोल घरात राहायला लागलं.

"आमच्या आजोबांनी कोणाकडे हात पसरला नाही" हे वाक्य ऐकलं की त्या घराच्या सातबाऱ्याचा जुना फेरफार काढून बघावा. कित्येकदा त्यात कुळकायद्याची नोंद सापडते. आजोबांचे कष्ट त्याने कमी होत नाहीत. कष्टांना कायद्याचं पाठबळ मिळालं होतं, एवढंच.

फुकट मिळालं की माणसं काम सोडतात का?

थोडी रोख मदत मिळाली म्हणून धडधाकट माणसं काम सोडतात, असा पुरावा मिळालेला नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांचा एकत्र अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. काम कमी झाल्याची पद्धतशीर खूण त्यांना आढळली नाही. रक्कम बघितली तर कारण कळतं. लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. रोजगार हमी योजनेची (रोहयोची) २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पन्नास रुपयांसाठी कोणी तीनशे बारा सोडत नाही.

मात्र मदतीची अटच "कमावलंत तर बंद" अशी असेल तर माणूस कमाई लपवतो किंवा टाळतो. तो आळशी झालेला नसतो, नियम वाचून वागत असतो. निराधार अनुदानाच्या प्रश्नात हे सविस्तर येतं.

मग आंब्याच्या बागा राखायला नेपाळी का आणावे लागतात? गावातल्या पोरांना काम नको, असंच ना?

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातला हा सगळ्यात आवडता दाखला आहे आणि तो नीट तपासायला हवा. बागेची राखण ही आठ तासांची नोकरी नाही. मोहोर यायच्या सुमारास बागेत राहायला जायचं ते पाऊस पडेपर्यंत. वानर हाकणं, फवारणीला हात लावणं, रात्री चोरांवर लक्ष ठेवणं, आणि मुक्काम कातळावरच्या पत्र्याच्या खोपीत. पावसाळ्यात काम नाही. घरदार मागे ठेवून हंगामापुरता आलेला माणूस हे करू शकतो. ज्याला स्वतःची भातशेती, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळायची आहेत, त्याला ते जमत नाही.

दुसरं, ती पोरं गावात आहेत कुठे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कामाला नकार देणारा तरुण मुंबई-पुण्यात बारा तास डिलिव्हरी करत असतो. बागायतदाराची अडचण खरी आहे, तिचं नाव चुकीचं ठेवलं जातं.

मदतीचे पैसे दारूत जातात का?

काही घरांत जातात. पण अनेक देशांतल्या रोख योजनांचे अभ्यास एकत्र तपासले असता दारू-तंबाखूवरचा खर्च एकूणात वाढलेला दिसला नाही. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात गेले आणि पासबुक तिच्याच हाती राहिलं तर धोका आणखी कमी होतो. पासबुक नवऱ्याकडे आणि एटीएम कार्ड दुकानदाराकडे उधारीपोटी गहाण, हा प्रकार मात्र किनारपट्टीवर आहे. तिथे योजना बंद करून उपयोग नाही, कार्ड बंद करून नवं काढायला बाईबरोबर बँकेत जावं लागतं.

मदत द्यायची तर कामाच्या बदल्यातच द्यावी, हे बरोबर नाही का?

धडधाकट माणसासाठी हा विचार महाराष्ट्राने साऱ्या देशाच्या आधी केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, केलं तर दाम. केंद्राचा १०० दिवसांचा कायदा २००५ चा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. त्यात पेरणी-कापणीच्या दिवसांत एकूण ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची तरतूद आहे.

कोकणाला यातून सगळ्यात जास्त मिळालं ते १९९० च्या फळबाग योजनेतून, तेव्हा फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. आज डोंगरउतारावर दिसणारी आंबा-काजूची कलमं मोठ्या प्रमाणात त्यानंतरची आहेत. ही योजना का जमली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जमीन माणसाची स्वतःची. आंब्याला दहा बाय दहा मीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी १०० खड्डे, प्रत्येक खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. कातळात असा एक खड्डा पहारीने मारायचा म्हणजे काय, ते हाताला फोड आल्याशिवाय कळत नाही. खड्डे पावसाआधी मारायचे, माती आणि शेणखत भरायचं, मृगाच्या पावसावर कलम लावायचं. मग दोन-तीन उन्हाळे कळशीने पाणी घालायचं, गुरांपासून आणि वणव्यापासून झाड वाचवायचं. पैसे तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि तेही झाडं जगली तर.

इथे जबाबदारीची अट होती आणि मदतही होती. कष्टाचं फळ कष्ट करणाऱ्याच्याच बांधावर उभं राहायचं. पहिली पाच-सहा वर्षं उत्पन्न नाही, तेवढा काळ तग धरायला मजुरी मिळायची. भूमिहीन आदिवासी कातकऱ्याला किंवा बोटीवरच्या खलाशाला यात जागा नव्हती, ही योजनेची मर्यादाही सांगायला हवी.

सध्या रोहयोत न बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कोकणात किमान १० गुंठे ते कमाल १० हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असावी लागतात. मेलेली झाडं स्वखर्चाने पुन्हा लावावी लागतात, हे अर्ज करतानाच लक्षात घ्या.

आजारी, म्हातारं, अपंग, तान्हं मूल असलेली एकटी बाई यांना "काम करा मग देतो" म्हणण्यात अर्थ नाही. कामाची अट सरसकट लावली की सर्वांत दुबळा माणूस आधी गळतो.

रोहयोचं काम मागायचं कसं, आणि कुठे बिघडतं?

काम तोंडी मागू नका. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. सगळा हक्क त्या पोचेवर उभा आहे. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो, पण पोच नसेल तर मागणीच झाली नाही असं धरतात. "पोच नंतर देतो" हे उत्तर मिळालं तर त्याच दिवशी तोच अर्ज गटविकास अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवा.

कोकणात योजना कमी चालते त्याची कारणं साधी आहेत. जून ते सप्टेंबर मातीकाम होत नाही. मजुरी मोजमापावर असते, आणि जांभ्याचा कातळ कागदावर साधी माती म्हणून लागला तर दिवसभर राबून निम्मी मजुरी हातात येते. एकदा हा अनुभव आला की माणूस पुन्हा अर्ज करत नाही, आणि दप्तरात शेरा पडतो: मागणी नाही. काम सुरू होण्याआधीच चर मारून थर दाखवा आणि नोंद करून घ्या, नंतर भांडून उपयोग नाही.

निराधार अनुदान घेणारे खोटं उत्पन्न दाखवतात. हा अप्रामाणिकपणा नाही का?

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. आता २१,००० ला ३६५ ने भागा. साऱ्या कुटुंबासाठी दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे. या पैशात चुलीवर भाताचं आधणही ठेवता येत नाही.

आणखी एक हिशेब करा. अनुदान घेणाऱ्या सासूच्या सुनेने रोहयोत जुन्या हमीचे पूर्ण १०० दिवस काम केलं तर ३१२ च्या दराने ३१,२०० रुपये होतात. सरकारनेच दिलेली हमी पूर्ण झाली तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून सासू बाद. ६८ व्या दिवशीच ती मर्यादा ओलांडते.

टेबलावर काय घडतं ते बघा. सत्तरीची विधवा बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार आणि रेशनकार्ड. उत्पन्न विचारलं की ती खरं सांगते: पोराला बोटीवर हंगामात इतके मिळतात, काजू बी विकून इतके. मागे रांगेत उभा असलेला माणूस तिला कोपराने ढोसतो आणि कानात सांगतो, "मावशी, वीस हजार म्हणा." ती वीस हजार म्हणते. उभ्या जन्मात खोटं न बोललेल्या बाईला खोटं बोलायला लावलं ते या मर्यादेने. आणि पुढे कधी तपासणी झाली तर गुन्हेगार तीच.

तेव्हा अप्रामाणिकपणाचा प्रश्न आधी या आकड्याला विचारायला हवा. मर्यादा खरी ठेवली तर दाखले खरे येतील, आणि खरोखर लबाडी करणारा वेगळा काढता येईल. आज सगळेच वीस हजारवाले. बंगला असलेलाही वीस हजार आणि पडवीत राहणारीही वीस हजार.

अर्ज करताना वयाचा पुरावा, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि अपंगत्व असेल तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. दाखला मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अनुदान सुरू झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अनुदान बंद पडतं ते बहुधा इथेच.

लाडकी बहीण ही मदत की मतांची बेगमी?

निवडणुकीआधी, २०२४ च्या जूनमध्ये घोषणा झाली, तेव्हा हा संशय कोणी घेतला तर तो वेडा ठरत नाही. २०२५ मध्ये खुद्द सरकारी तपासणीत सरकारी नोकरीतल्या महिला लाभार्थी निघाल्या. दुसरीकडे सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा कोणाला न विचारता खर्च करता येणारे दीड हजार आले, हेही तितकंच खरं आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. एकाच राज्यात, त्याच दीड हजारासाठी, निराधार विधवेला २१,००० ची मर्यादा आणि २१ ते ६५ वयाच्या इतर बाईला अडीच लाखांची, हे समर्थनीय नाही. निराधारचे १,५०० घेणारीला लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे जास्त अडलेली बाई जास्त कागद जमवते आणि हातात तेवढेच घेते. योजनेच्या बाजूने बोला किंवा विरोधात बोला, या विसंगतीला उत्तर द्यावंच लागेल.

दारात चारचाकी असलेले फुकट धान्य नेतात, त्याचं काय?

नेतात, आणि ते खऱ्या माणसाचं धान्य असतं. कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेवर गोठलेली आहे. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटींचा. तो भरला की नवं नाव आत येण्यासाठी जुनं नाव बाहेर पडावं लागतं. लग्न होऊन वेगळं राहिलेलं जोडपं, नव्याने विधवा झालेली बाई, परतलेला खलाशी यांना केशरी कार्ड मिळतं आणि धान्य मिळत नाही, त्याचं कारण हेच.

इथे वैयक्तिक जबाबदारी सधन माणसाची आहे. मुंबईत स्थायिक झालेल्या भावाचं नाव गावच्या कार्डावर ठेवून माणशी पाच किलो उचलणं ही चोरीच आहे, मग घर कितीही प्रतिष्ठित असो. नाव कमी करण्याचा किंवा धान्य सोडण्याचा अर्ज तालुक्याच्या पुरवठा शाखेत मिळतो. जो खरोखर हंगामी कामासाठी बाहेर असतो त्याने नाव काढू नये. त्याच कार्डावर कोणत्याही गावात, कोणत्याही राज्यात धान्य उचलता येतं. दुकानदार कमी मापत असेल किंवा अंगठा घेऊन पावती देत नसेल तर १९६७ वर तक्रार करा, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

मच्छीमार आठ-दहा महिने कमावतात, मग पावसाळ्यासाठी शिल्लक का ठेवत नाहीत?

आधी "मच्छीमार" या शब्दाखाली कोण कोण येतं ते वेगळं करा. बोटीचा मालक, बोट चालवणारा तांडेल, खलाशी, आणि टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, तिचा फटका या सगळ्यांनाच बसतो, पण डिझेलवरच्या कराचा परतावा मालकाला मिळतो. खलाशाला मासळीच्या वाट्यावर किंवा हंगामाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर काम, आणि उचल बहुधा मागच्या पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. शिल्लक टाकायला आधी शिल्लक उरावी लागते.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतली एक तरतूद वादाच्या दोन्ही बाजूंना पटावी अशी आहे. गरजू क्रियाशील मच्छीमाराने हंगामात १,५०० रुपये भरायचे, केंद्र-राज्याने मिळून ३,००० घालायचे, आणि मासेमारी नसलेल्या तीन महिन्यांत ४,५०० परत द्यायचे. बचत माणसाची, भर सरकारची. विचार उत्तम आहे, पण रक्कम तुटपुंजी. ६१ दिवसांवर पसरली तर दिवसाला ७४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. शिवाय "क्रियाशील" असल्याचा कागद लागतो, आणि तो सोसायटीच्या सभासदत्वातून येतो. सभासद नसलेला खलाशी बाहेरच. बाजारात बसणारी बाईही बाहेरच, जरी बंदीच्या दिवसांत तिची टोपलीसुद्धा रिकामी असली तरी.

वादळात नुकसान झालं तर सरकारने का भरून द्यावं? विमा काढायची जबाबदारी बागायतदाराची नाही का?

विमा जरूर काढावा. पण हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई तुमच्या बागेचं नुकसान बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरची नोंद बघून ठरते. केंद्र खाडीकाठी आणि बाग डोंगरावर असेल तर मोहोर गळूनही कागदावर काहीच झालेलं नसतं. हप्ता इमानाने भरणाऱ्यालाही हा फटका बसतो.

भरपाईचं मापही कोकणाला बसत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर राज्याने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० केली, दोन हेक्टरांपर्यंत. ऐकायला मोठी रक्कम. पण श्रीवर्धन-मुरूडकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. चार गुंठ्यांच्या सुपारीच्या वाडीला या दराने २,००० रुपये येतात. तेवढ्या जागेत पोफळीची पन्नास-पंचावन्न झाडं, मध्ये चार माड, त्यावर मिरीचे वेल. आडवी पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा दोन हजारांत भागत नाही, आणि नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं. झाडं मोजून भरपाई धरा, ही मागणी तिथूनच आली.

माणसाच्या हातातलं काम एवढं: सातबाऱ्यावर पीकपाहणीत झाडांची नोंद दरवर्षी करून घ्या. नोंद नसलेलं झाड पंचनाम्यात उभं राहत नाही. घराचा नमुना ८ चा उतारा आणि झाडांचे फोटो मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनवरही ठेवा. वादळात आपला फोन बंद पडतो.

सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून योजना नाही. ही तर ज्याची त्याची चूक ना?

अर्धी चूक खरीच घरची. तीन पिढ्या वारसनोंद न केलेले, तीस-चाळीस नावांचे सातबारे कोकणात जागोजाग आहेत. कसणारा गावात, नाव मुंबईतल्या चुलत्याचं, आणि किसान सन्मानचे वर्षाला ६,००० चुलत्याच्या खात्यात. वारसनोंदीला ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सगळ्यांच्या सह्या एकत्र मिळण्याचे दिवस दोनच, गणपती आणि शिमगा. कागद आधी तयार ठेवा. बहिणींची नावं गाळून केलेली नोंद पुढे कोर्टात अडकते, तेव्हा त्यांनाही बोलवा.

कातकरी दरवर्षी उचल घेतात आणि भट्टीवर जातात. त्यांना मदत करून उपयोग काय?

हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो आम्हाला मान्य नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं आणि पावसाआधी परतायचं, हे चक्र चालतं ते पावसाळ्यात घरात दाणा नसतो म्हणून. उचल घेतली नाही तर श्रावणात पोरं उपाशी राहतात. मालक हिशेब ठेवतो, मजुराकडे कागद नसतो, आणि हंगामाअखेर बाकी निघते ती बहुधा मजुराच्याच अंगावर. कर्जापायी काम सोडून जाता येत नसेल तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी आहे आणि ते कर्ज रद्द ठरतं. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून मुक्तीचा दाखला मागता येतो. जमीन, जातीचा दाखला आणि पावसाळ्यातलं धान्य या तीन गोष्टी हाताशी आल्या की उचलीची गरज कमी होते. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबाला घरासाठी दोन लाख आहेत, पण घर बांधायला पायाखालची जागा नावावर हवी, आणि बऱ्याच वाड्या खाजगी किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत.

आमच्या कराच्या पैशाचं काय?

रास्त प्रश्न. मुंबईतल्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. १९७५ चा हा कर रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी लावला होता. म्हणजे चाकरमान्याचा गावच्या बांधाशी आणि पाणंदीशी थेट पैशाचा संबंध आहे. हिशेब मागायचा त्याला पूर्ण हक्क आहे. माहिती अधिकारात १० रुपये भरून गावातल्या कामांची हजेरीपत्रकं आणि मोजमाप पुस्तिका मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मात्र साबणावर कर भरणारी निराधार बाईही करदाती आहे, हे बोलताना विसरू नका.

ग्रामसभेत हा विषय मांडायचा तर कसा?

"गरिबांना मदत द्यावी की नाही" असा ठराव मांडू नका, त्यातून फक्त आरडाओरडा होतो. एकच योजना घ्या. तिची यादी वाचायला सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: यादीत नको असलेला कोण आहे, आणि हवा असून राहिलेला कोण? पहिल्या प्रश्नाला हात भराभर वर येतात. दुसऱ्याला शांतता पसरते, कारण राहिलेला माणूस सभेला आलेलाच नसतो. म्हणून सभेआधी दोन दिवस वाडीवाडीत फिरून ती नावं आणावी लागतात. कोणाच्या आजाराचा, व्यसनाचा किंवा घरातल्या भांडणाचा उल्लेख सभेत करू नका, निकषापुरतं बोला.

गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. लाभार्थ्यांच्या याद्या बऱ्याचदा त्या दुसऱ्या सभेतच, दहा-पंधरा माणसांत मंजूर होतात. तिची तारीख फलकावरून टिपून घ्या, त्या दिवशी हजर राहा, आणि तुमचा आक्षेप इतिवृत्तात लिहिला गेला का ते सही करण्याआधी वाचून बघा.